‘टॉय स्टोरी’ बनवणारे कॉम्प्युटर आज एका संपलेल्या सेलपायी भंगारात का जातात ?

१९९५ साली ‘टॉय स्टोरी’ आला. पूर्णपणे कॉम्प्युटरवर तयार झालेला जगातला पहिला फुल लेंथ पिक्चर. वुडी आणि बझ घराघरात पोचले, पण त्यांची एकेक फ्रेम ज्या मशीनवर रेंडर झाली त्यांचं नाव फारसं कुणाला माहिती नाही. पिक्सारनं त्यासाठी सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीचे ११७ कॉम्प्युटर एकमेकांना जोडून कामाला लावले होते. मॉडेलचं नाव होतं स्पार्कस्टेशन २०. दिसायला पिझ्झाच्या खोक्यासारखा चपटा डबा.

ही सन कंपनी आपल्याला अगदीच परकी नाही. १९८२ मध्ये ती काढणाऱ्या चौघांपैकी विनोद खोसला हे जन्मानं पुण्याचे. पुढं १९९८ मध्ये पुण्याच्याच सी-डॅकनं ‘परम १००००’ हा सुपरकॉम्प्युटर उभा केला, तो सुद्धा सनच्या मशीनवर.

आता असं समजा की असाच एक चपटा डबा एखाद्या कॉलेजच्या अडगळीत किंवा जुन्या बाजारात कुणाच्या तरी हाती लागला. गड्यानं घरी आणला, धूळ झटकली, बटण दाबलं. पंखा फिरला, पण स्क्रीन काळी. किंवा स्क्रीनवर अक्षरं आली, पण त्यात ‘आयडीप्रॉममधला मजकूर अवैध आहे’ अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ आणि पुढं मशीन ठप्प. दुरुस्तीवाल्याला दाखवलं तर तो म्हणतो, मदरबोर्ड गेला. मग डबा किलोच्या भावानं भंगारात.

खरं तर बऱ्याचदा मदरबोर्डला काहीही झालेलं नसतं. संपलेला असतो तो फक्त एक सेल.

हे कळायला आधी बूट होणं म्हणजे काय ते बघू.

बूट होणं ही रिले शर्यत आहे. पहिला गडी म्हणजे मदरबोर्डच्या चिपमध्ये कायमचा कोरलेला प्रोग्राम. सनच्या मशीनमध्ये त्याला ओपनबूट म्हणतात. तो मेमरी तपासतो, डिस्क शोधतो आणि डिस्कच्या सुरवातीला बसलेल्या एका छोट्या बूट प्रोग्रामच्या हातात बॅटन देतो. हा छोटा गडी ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, उचलून मेमरीत आणतो. कर्नल सगळं हार्डवेअर ताब्यात घेतो, मुख्य फाइल सिस्टिम जोडतो आणि ‘इनिट’ नावाचा पहिला प्रोग्राम सुरू करतो. त्यानंतर स्क्रीनवर येतं ‘लॉगिन’.

मशीन अडलं की बॅटन नेमकं कुणाच्या हातून पडलं एवढंच शोधायचं असतं. आणि जुन्या मशीनचा मोठा गुण असा की ती ते स्वतःच सांगतात. आजचा लॅपटॉप कंपनीचा लोगो दाखवून गप्प बसतो. हे म्हातारे मात्र प्रत्येक पाऊल बोलून दाखवतात. फक्त आपण ते वाचायला पाहिजे.

आता प्रश्न असा की ३० वर्षांपूर्वीच्या मशीनवर आज चालवायचं काय ? सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलनं विकत घेतली, तिच्या जुन्या सिस्टिमला अपडेट मिळत नाहीत. इथं एंट्री होते नेटबीएसडीची.

नेटबीएसडी ही १९९३ साली सुरू झालेली मोफत युनिक्स सिस्टिम. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युनिक्सची जी शाखा वाढली तिची ही थेट वारसदार. गंमत म्हणजे त्या बर्कली युनिक्सवर सगळ्यात जास्त घाम गाळणारा बिल जॉय हा सनच्या चार संस्थापकांपैकी एक. त्यामुळं सनच्या डब्यावर नेटबीएसडी टाकणं म्हणजे माहेरी आल्यासारखंच आहे.

बाकीच्यांनी या मशीनची साथ कधीच सोडली. सख्ख्या भावासारख्या ओपनबीएसडीनं २०१६ मधल्या ५.९ आवृत्तीनंतर ३२ बिटचे स्पार्क आणि व्हॅक्स दोन्ही बंद केले. नेटबीएसडीची १० वी आवृत्ती २०२४ मध्ये आली, ती स्पार्कवरही चालते, व्हॅक्सवरही आणि मोटोरोलाची चिप असलेल्या जुन्या मॅकवरही.

आता त्या सेलची भानगड.

सनच्या या मशीनमध्ये एक जाडजूड काळी चिप असते. नाव एम४८टी०८, त्याआधीच्या मॉडेलमध्ये एम४८टी०२. तिला एनव्हीरॅम म्हणतात. वीज गेली तरी आठवणीत राहायला हव्यात अशा गोष्टी ती सांभाळते. तारीख-वेळ, कोणत्या डिस्कवरून बूट व्हायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मशीनची ओळख. नेटवर्क कार्डाचा पत्ता, मशीनचा प्रकार, सिरियल नंबर, सगळं मिळून फक्त १६ बाइट. यालाच आयडीप्रॉम म्हणतात.

हे सगळं जिवंत ठेवणारा लिथियमचा सेल वेगळा कुठं बसवलेला नाही. तो त्या चिपच्या पोटातच, वरून प्लॅस्टिक ओतून बंद केलेला. आयुष्य साधारण १० वर्षं. १९९४ चं मशीन असेल तर सेल कधीच संपलाय.

सेल संपला की मशीन स्वतःची ओळख विसरतं. सनचा नेटवर्क पत्ता ०८:००:२० नं सुरू व्हायला हवा, त्याजागी स्क्रीनवर एफएफ:एफएफ:एफएफ अशी रांग दिसते. म्हणजे आधार कार्डावर नंबरच्या जागी नुसत्या फुल्या. बाकीची सेटिंगसुद्धा बिघडतात. कधीकधी ‘डायग’ नावाचा स्विच आपोआप चालू होतो. मग मशीन लांबलचक तपासण्या करत बसतं आणि डिस्क चांगली असूनही नेटवर्कवरून बूट व्हायला बघतं. डिस्क गेली असं लोकांना वाटतं ते इथंच.

पहिला उपाय फुकट आहे. सनच्या कीबोर्डवर डाव्या बाजूला ‘स्टॉप’ नावाचं बटण असतं. ते आणि ‘एन’ एकत्र दाबून ठेवून मशीन चालू केलं की सगळी सेटिंग मूळपदावर येतात. ‘स्टॉप’ आणि ‘ए’ दाबलं की चाललेलं काम थांबतं आणि ओपनबूटचा तो प्रसिद्ध ‘ओके’ समोर येतो.

हा ‘ओके’ म्हणजे नुसता मेनू नाही. त्याच्यामागं फोर्थ नावाची अख्खी प्रोग्रामिंगची भाषा आहे. तिथं ‘एमकेपी’ ही आज्ञा वापरून ते १६ बाइट एकेक करून हातानं भरता येतात. पहिला बाइट कायम १. दुसरा मशीनच्या प्रकाराचा. पुढचे सहा नेटवर्कच्या पत्त्याचे. मग चार तारखेचे, तीन सिरियल नंबरचे. आणि शेवटचा म्हणजे आधीच्या पंधरांचा एक्सऑर करून येणारा ताळा. हा ताळा चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही मशीन ओळख नाकारतं, त्यामुळं तो डोक्यानं न काढता फोर्थलाच काढायला लावतात.

सेल मेलेला असतानाही हा प्रयोग करता येतो, कारण वीज चालू आहे तोवर चिप भरलेलं लक्षात ठेवते. म्हणजे एक रुपया खर्च न करता कळतं की मदरबोर्ड गेलाय की फक्त सेल. ओळख भरली आणि मशीन पुढं सरकलं, तर निकाल लागला.

मग कायमचा इलाज. एक म्हणजे नवी चिप. पण बाजारात ‘नवी’ म्हणून विकली जाणारी चिप पुष्कळदा जुन्या मशीनमधून काढून पुसलेली असते आणि तिचाही सेल अर्धमेला असतो. दुसरा म्हणजे जुगाड. ही चिप सॉकेटमध्ये बसलेली असते, त्यामुळं अलगद उपटता येते. वरच्या प्लॅस्टिकची कड कानशीनं घासून आतल्या सेलची टोकं उघडी करायची, जुन्या सेलचं कनेक्शन तोडायचं आणि वायरनं सीआर२०३२ चा होल्डर जोडायचा. सीआर२०३२ म्हणजे पीसीच्या मदरबोर्डवर असतो तोच नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल, कुठल्याही दुकानात मिळणारा. चिप कोणत्या दिशेनं बसली होती त्याचा फोटो आधी काढून ठेवायचा. उलटी बसवली तर मात्र खरंच मशीन जाऊ शकतं.

हे झालं अक्षरं दिसत असतील तर. पण स्क्रीनच काळी असेल तर ?

सनच्या मॉनिटरचं कनेक्टर वेगळं, १३डब्ल्यू३ नावाचं. ॲडॉप्टर लावून आजचा मॉनिटर जोडता येतो, पण सनचा सिग्नल पाठवायची पद्धतही वेगळी, त्यामुळं पुष्कळ मॉनिटर ‘सिग्नल नाही’ म्हणतात आणि झोपतात. मशीन बिचारं बोलत असतं, ऐकणाराच नसतो.

इथं एक साधी युक्ती आहे. कीबोर्ड काढून टाका. चालू होताना कीबोर्ड सापडला नाही तर सन आपलं सगळं बोलणं सिरियल पोर्टकडं वळवतं. तिथं क्रॉस वायरिंगची, म्हणजे नल मोडेम, केबल लावायची, दुसऱ्या टोकाला यूएसबीचा सिरियल ॲडॉप्टर आणि लॅपटॉप. वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. आता काळ्या स्क्रीनमागं काय चाललंय ते ओळीनं वाचता येतं आणि त्याची कॉपीही राहते. जुन्या मशीनशी खेळणारी माणसं मॉनिटरपेक्षा ही केबल आधी शोधतात ते याचसाठी.

पुढचा गडी डिस्क. ‘ओके’ समोर ‘प्रोब-स्कझी’ टाइप केलं की जोडलेल्या डिस्कची यादी येते. यादीत डिस्कच नाही तर केबल, वीज, किंवा स्कझीच्या साखळीच्या शेवटी लागणारं टर्मिनेशन तपासायचं. दोन डिस्कना एकच नंबर दिला असेल तरी घोळ होतो. सनमध्ये पहिल्या डिस्कचा नंबर शून्य नसतो, तीन असतो. पीसीची सवय असलेला माणूस इथं हमखास फसतो. नेटबीएसडीच्या कर्नलनंही सनची ही रीत पाळलीय, स्कझी नंबर ३ ला ते ‘एसडी०’ म्हणतं.

डिस्क दिसतेय पण बूट होत नाही, तर आलेलं वाक्य नीट वाचायचं. ‘बूट डिव्हाइस उघडता येत नाही’ म्हणजे डिस्कपर्यंत पोचताच आलं नाही. ‘डिस्क लेबलमध्ये चुकीचा मॅजिक नंबर’ म्हणजे डिस्क पोचली, पण तिच्यावरचा विभागणीचा तक्ता सनच्या पद्धतीचा नाही, बहुतेक पीसीतून काढून आणलेली असणार. ‘आत्ता आणलेली फाइल चालवण्यासारखी दिसत नाही’ म्हणजे तक्ता ठीक, पण तो छोटा बूट प्रोग्रामच बसवलेला नाही. तीन वाक्यं, तीन वेगळे आजार. तिन्हीवर अख्खी सिस्टिम पुन्हा टाकणं हा एकच उपाय करणारे लोक आहेत, आणि पहिल्या आजाराला त्यानं काडीचा फरक पडत नाही.

सीडीवरून बूट करायला गेलं तर तिथंही एक खोच आहे. सनला सीडी ड्राइव्हनं ५१२ बाइटच्या तुकड्यांत डेटा द्यायला हवा असतो, साध्या ड्राइव्ह २०४८ बाइटचे तुकडे देतात. सीडी चांगली, ड्राइव्ह चांगला, तरी बूट नाही. काही ड्राइव्हना त्यासाठी मागं जंपर असतो.

पण सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे.

त्या जुन्या डिस्कवर काय आहे हे कुणालाच माहिती नसतं. कुणाचा प्रबंध असेल, एखाद्या प्रयोगशाळेची मोजमापं असतील, दुसरीकडं कुठंही न उरलेला प्रोग्राम असेल. घाईघाईत इन्स्टॉलर चालवला आणि ‘हो’ दाबलं की ते कायमचं गेलं. त्यामुळं डिस्कला हात न लावता बूट करायची सोय असेल तर ती सोन्यासारखी. आणि ती सनमध्ये जन्मापासून आहे, नेटवर्क बूट.

‘बूट नेट’ म्हटलं की मशीन नेटवर्कवर ओरडतं, “माझा हार्डवेअर पत्ता हा, माझा आयपी कोणता ?” याला रार्प म्हणतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उत्तर द्यायला कुणीतरी बसलेलं लागतं. एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय त्याला पुरतो. सेलची गोष्ट आधी का उरकायची तेही इथं कळतं. मशीनचा पत्ताच नुसता एफएफ असेल तर ओरडणारा कोण हे समोरच्याला ओळखताच येणार नाही. मग स्क्रीनवर रार्पच्या पॅकेटची वाट बघून थकल्याची ओळ येत राहते आणि माणूस केबल बदलत बसतो.

आयपी मिळाला की मशीन टीएफटीपीनं एक फाइल मागतं. तिचं नाव म्हणजे तोच आयपी, पण हेक्साडेसिमलमध्ये आणि कॅपिटल अक्षरांत. १९२.१६८.१.१० मिळाला असेल तर नाव होतं सी०ए८०१०ए, पुढं टिंब देऊन सन४एम. त्याआधीच्या पिढीच्या मशीनना शेवटी सन४सी लागतं. एक अक्षर जरी लहान लिपीत पडलं तर फाइल सापडत नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये मशीननं नेमकं काय मागितलं ते दिसतं, तेच नाव जसंच्या तसं उचलून फाइलला द्यायचं.

ती फाइल म्हणजे नेटबीएसडीचा बूट प्रोग्राम. तो पुढं ‘बूटपॅराम’ सेवेला विचारतो की माझी मुख्य फाइल सिस्टिम कुठाय, आणि एनएफएसवरून कर्नल ओढतो. इथं अडकण्याचं हल्लीचं कारण असं की जुना गडी एनएफएस यूडीपीवर बोलतो आणि नव्या लिनक्स सर्व्हरवर यूडीपी बहुधा बंद असतं. ते मुद्दाम चालू करावं लागतं. शिवाय ही मशीन १० एमबीपीएसची. अतिवेगवान नव्या स्विचपैकी काही एवढं हळू बोलायला तयारच नसतात. घरात पडलेला जुना स्वस्तातला स्विच मध्ये लावला की काम होतं.

एकदा नेटवर्कवरून सिस्टिम वर आली की ‘डीडी’ ही आज्ञा देऊन जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत सर्व्हरवर काढायची. इन्स्टॉल वगैरे सगळं त्यानंतर. मूळ डिस्क खडखड करत असेल तर तिला जास्त वेळ चालवायचंच नाही, प्रत काढून बाजूला ठेवायची आणि तिच्याजागी ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझीसारखं एसडी कार्डवर चालणारं सोंग बसवायचं. मशीनला वाटतं आपण स्कझी डिस्कशीच बोलतोय.

कर्नल चालू झाला की निम्मी लढाई संपली. तिथं ‘बूट डिव्हाइस : माहिती नाही’ असं म्हणून मशीन ‘रूट डिव्हाइस’ विचारत थांबलं तर ते मेलेलं नाही, तुमच्या उत्तराची वाट बघतंय. बहुतेक वेळा ‘एसडी०ए’ एवढं उत्तर पुरतं. त्याच्याही पुढं जाऊन शेलचं नाव विचारलं तर समजायचं की डिस्क जोडायच्या यादीत, म्हणजे एफएसटॅब फाइलमध्ये, चूक आहे किंवा फाइल सिस्टिम नीट बंद झाली नव्हती. एंटर दाबायचं, एफएससीके चालवायचं, फाइल सुधारायची. मात्र अशा वेळी डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, आधी ‘माउंट -यू’ करून लिहिण्याची मुभा द्यावी लागते. फाइल सेव्ह का होत नाही म्हणून डोकं धरणारे इथंच भेटतात.

आणि सेल नवा टाकला नसेल तर कर्नल आणखी एक टोमणा मारतो. घड्याळाच्या चिपमधली वेळ ‘अगदीच हास्यास्पद’ आहे, तारीख तपासून लावा. हे खरोखरच नेटबीएसडीच्या कोडमध्ये लिहिलेलं वाक्य आहे. एरर मेसेजमध्ये असं तोंडावर बोलणारे प्रोग्रामर आता राहिले नाहीत.

सेलचा हा रोग सनपुरता नाही. ॲपलच्या पहिल्या मॅक टू मध्ये सेल बोर्डावर डाग देऊन बसवलेले होते आणि ते संपले की मशीन चालूच होत नाही. एलसी ४७५ चालू होतं, पण चित्र देत नाही. त्या काळच्या मॅकमध्ये दुसरं दुखणं कपॅसिटरचं. ते गळतात आणि आतलं रसायन बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातं. ३.६ व्होल्टचा जुना सेल फुटला तर अख्खा बोर्ड गंजतो. त्यामुळं जुना मॅक घरी आला की चालू करून बघायच्या आधी उघडून सेल काढायचा. फक्त पडदा आणि कॉम्प्युटर एकाच डब्यात असलेला मॅक असेल तर जपून, पिक्चर ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही जबर शॉक देणारी वीज राहते. अनुभव नसेल तर जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या हातूनच उघडून घ्यायचा.

या मॅकवर नेटबीएसडी टाकताना होणारी चूकही ठरलेली आहे. तिथं नेटबीएसडी थेट चालू होत नाही. आधी मॅक ओएस येतं आणि त्यातला ‘बूटर’ नावाचा प्रोग्राम नेटबीएसडीचा कर्नल चालू करतो. मेमरी सेटिंगमध्ये ३२ बिट ॲड्रेसिंग चालू आणि व्हर्च्युअल मेमरी बंद लागते. उत्साहाच्या भरात अख्खी डिस्क नेटबीएसडीला दिली की मॅक ओएसच पुसलं जातं, मग कर्नलला हाक मारणारं कुणीच उरत नाही. थोडीशी जागा मॅक ओएसला ठेवायचीच.

सनचं मशीन ‘लॉगिन’पर्यंत आलं की एक छोटं काम उरतं. सुरवातीला स्क्रीनवर येणारा नेटवर्कचा पत्ता आणि होस्ट आयडी कागदावर लिहून तो कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवायचा. सीआर२०३२ सुद्धा काही वर्षांनी संपणार आहे, आणि ते १६ बाइट पुन्हा भरणारा माणूस तेव्हा दुसराच कुणीतरी असू शकतो.